तुरुंगातल्या जागल्याची तक्रार: ती हाती आल्यापासून काय करावे

तुरुंगातला शिपाई आपल्याच सहकाऱ्याच्या गैरकृत्याची खबर देतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्याच फाटकातून आत जायचे असते. आत गेल्यावर फाटक बंद होते, मोबाइल बाहेर जमा झालेला असतो, आणि बराकीत काही बिघडले तर धोक्याची घंटा ऐकून ज्यांनी त्याच्या मदतीला धावून यायचे, त्यांच्याविरुद्धच तो आदल्या दिवशी बोललेला असतो. पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात ते येथे शब्दशः खरे होते. इतर कार्यालयांत तक्रार करणाऱ्याला बढती, बदली आणि नोकरी यांची काळजी असते. येथे त्याला जिवाचीही काळजी असते. तक्रार हाताळण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे नव्याने आली आहे, त्यांनी कोणतीही कार्यपद्धती वाचण्याआधी हा फरक मनात पक्का करून घ्यावा, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक सूचना त्यातूनच निघते.

शब्दांपासून सुरुवात करणे योग्य ठरेल. मराठीत अशा माणसाला जागल्या म्हटले जाते. रात्री सगळे झोपलेले असताना राखण करणारा आणि संकटाची चाहूल लागताच हाक देणारा, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे. तुरुंगाच्या आवारात मात्र त्याच माणसाला खबऱ्या किंवा चुगलखोर म्हटले जाण्याची शक्यता अधिक असते, आणि खबऱ्या हा शब्द एकदा चिकटला की कैद्यांच्या नजरेतही तो माणूस उघडा पडतो. म्हणून आपल्या टिपणांत, पत्रव्यवहारात आणि तोंडी बोलण्यातही ‘तक्रारदार’ किंवा ‘माहिती देणारी व्यक्ती’ एवढेच शब्द वापरावेत. हा शिष्टाचाराचा भाग वाटेल. पण फाइलमध्ये एकदा लिहिलेला हेटाळणीचा शब्द पुढच्या प्रत्येक वाचणाऱ्याचे मत आधीच कलवून ठेवतो.

तक्रार येण्याआधी मार्ग तपासा

पहिली तक्रार येण्याची वाट न पाहता, तक्रार कोणत्या वाटेने येऊ शकते ते स्वतः चालून पाहावे. तुरुंगातल्या कर्मचाऱ्याला कामाच्या वेळेत खाजगी फोन करता येत नाही, आतील संगणकावर कोण काय पाहते याची नोंद राहते, आणि कार्यालयात आलेले टपाल आधी दुसऱ्याच कोणाच्या हातून फोडले जाते. तक्रारपेटी सगळ्यांच्या नजरेसमोर, पहारेकऱ्यांच्या खोलीलगत लावली तर ती रिकामीच राहील, आणि त्या रिकाम्या पेटीचा अर्थ तुरुंगात सारे आलबेल आहे असा लावला जाईल. तेव्हा कर्मचाऱ्याला घरून, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या फोनवरून वापरता येईल असा एक तरी मार्ग असलाच पाहिजे, आणि त्या मार्गाने आलेली माहिती कोणाच्या डोळ्यांखालून जाते हे लेखी ठरलेले असले पाहिजे.

मार्ग एकच असणे धोक्याचे आहे. तक्रार खुद्द अधीक्षकाविरुद्ध असेल तर ती अधीक्षकाच्या टेबलावर पोहोचता कामा नये, आणि मुख्यालयातल्या वरिष्ठाविरुद्ध असेल तर मुख्यालयातही नाही. म्हणून तुरुंगाच्या पातळीवर एक, विभागाच्या पातळीवर एक आणि विभागाच्या पूर्णपणे बाहेरचा एक, असे निदान तीन मार्ग खुले असावेत. ‘आधी आत तक्रार करा, मग बाहेर जा’ असा आग्रह धरणारे वरिष्ठ भेटतील. त्यांना संयुक्त राष्ट्रांनी 1979 मध्ये स्वीकारलेल्या कायदा अंमलबजावणी अधिकाऱ्यांच्या आचारसंहितेतला आठवा अनुच्छेद दाखवावा. त्यात गैरवर्तन वरिष्ठांना कळवण्याचे कर्तव्य तर सांगितले आहेच, पण गरज पडल्यास इतर योग्य यंत्रणांना कळवण्याचेही सांगितले आहे. तसेच कैद्यांना द्यायच्या वागणुकीसंबंधी संयुक्त राष्ट्रांनीच घालून दिलेल्या किमान नियमांची जी सुधारित आवृत्ती 2015 मध्ये नेल्सन मंडेला नियम या नावाने स्वीकारली गेली, तिच्यातील 84 वा नियम तपासणीस आलेल्या निरीक्षकांना कैद्यांशी आणि कर्मचाऱ्यांशीही एकांतात, पूर्ण गोपनीयतेने बोलण्याचा अधिकार देतो. म्हणजे निरीक्षकाजवळ बोललेला कर्मचारी शिस्त मोडत नसतो. त्याच्यासाठी ठेवलेली वाटच तो वापरत असतो.

हे मार्ग केवळ गणवेशातल्या लोकांसाठी आहेत असे समजू नये. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, समुपदेशक, स्वयंपाकघरातले कंत्राटी कामगार आणि स्वयंसेवक यांना पुष्कळदा अधिक दिसते आणि संरक्षण मात्र सगळ्यांत कमी असते. विशेषतः आरोग्य कर्मचाऱ्यांवर मंडेला नियमांतील 34 व्या नियमाने थेट जबाबदारी टाकली आहे: छळाच्या खुणा आढळल्या तर त्यांनी त्या नोंदवायच्या आणि सक्षम यंत्रणेला कळवायच्या. त्यांच्या तक्रारीला कोणी ‘बाहेरच्यांची ढवळाढवळ’ म्हणू लागले तर ते वेळीच थांबवावे.

पहिली भेट

तक्रारदाराला भेटायचे ते तुरुंगाबाहेर, त्याची कामाची वेळ संपल्यावर आणि कर्मचारी वसाहतीपासून दूर. कार्यालयात बोलावणे, त्याच्या वरिष्ठामार्फत निरोप धाडणे, त्याला ड्यूटीवरून मोकळे करण्याचे पत्र काढणे या साध्या वाटणाऱ्या गोष्टींनीच बातमी फुटते. तुरुंगात कोण कोठे गेला आणि किती वेळ नव्हता, याची गणती सतत होत असते. ती केवळ कैद्यांची होते असे नाही.

भेटीच्या सुरुवातीलाच आपण काय देऊ शकतो आणि काय देऊ शकत नाही ते स्पष्ट सांगावे. ‘तुमचे नाव कोणालाही कधीही कळणार नाही’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नये, कारण ते पाळणे सर्वस्वी आपल्या हातात नसते. त्याऐवजी असे म्हणता येईल: ‘तुमचे नाव मी तुमच्या संमतीशिवाय कोणाला सांगणार नाही. न्यायालयाने किंवा कायद्याने भाग पाडले तर मात्र ते उघड करावे लागू शकते, आणि तशी वेळ आली तर शक्य असेल तेथे मी आधी तुम्हाला कळवीन.’ हे ऐकून काही जण माघार घेतील. तरीही खोट्या भरवशावर पुढे आलेल्या माणसापेक्षा खरे ऐकून घरी परतलेला माणूस परवडला. तो विचार करून पुन्हा येऊ शकतो.

मग त्याला त्याच्या क्रमाने बोलू द्यावे. मध्ये थांबवून तारखा विचारू नयेत. एकदा सगळे सांगून झाले की मागे येऊन प्रत्येक गोष्टीबाबत तीन प्रकार वेगळे करावेत: त्याने स्वतः काय पाहिले, दुसऱ्याकडून काय ऐकले आणि त्यावरून काय ताडले. तिन्हींना मोल आहे, पण ते सारखे नाही. टिपणात त्याचे शब्द शक्य तितके त्याचेच राहू द्यावेत. ‘मारहाण झाली’ हे त्याचे शब्द असतील, तर त्याचे ‘अवाजवी बळाचा वापर’ असे रूपांतर आपण करू नये. भेट संपण्यापूर्वी आणखी दोन प्रश्न विचारणे अत्यावश्यक आहे: ही गोष्ट तुम्ही आजवर कोणाकोणाला सांगितली, आणि तुम्हाला ती माहीत आहे हे कोणाकोणाला ठाऊक आहे? पुढे ओळख राखण्याचा सारा आराखडा या दोन उत्तरांवर उभा राहतो.

येथे एक अवघड जागा आहे, आणि नवे अधिकारी बहुधा तेथेच गोंधळतात. तुरुंगातला जागल्या अनेकदा निव्वळ साक्षीदार नसतो. त्याने त्या रात्री कोठडीचे दार उघडून दिलेले असते, किंवा ‘कैदी घसरून पडला’ या अहवालावर सही केलेली असते, किंवा सहा महिने सारे पाहून तो गप्प बसलेला असतो. त्या सहीचे ओझे असह्य झाले म्हणूनच तो आज समोर आला आहे. अशा वेळी तो स्वतःबद्दल काही कबूल करण्याच्या बेतात आहे असे जाणवताच संभाषण थांबवून त्याला सांगावे की हे बोलणे त्याच्याविरुद्धही वापरले जाऊ शकते आणि वकिलाचा किंवा संघटनेचा सल्ला घेण्याचा त्याला अधिकार आहे. त्याला माफीचे वचन देऊ नये. तो अधिकार आपला नाही. त्याच्या सहभागामुळे तक्रार निकालात काढू नये, आणि त्याने तक्रार केली म्हणून त्याच्या सहभागाकडे डोळेझाकही करू नये. दोन गोष्टींच्या दोन स्वतंत्र नोंदी ठेवाव्यात, आणि स्वतःहून पुढे येऊन खरे सांगितल्याचा विचार त्याच्या बाबतीत निर्णय घेणाऱ्या सक्षम अधिकाऱ्याने करावा, असे लेखी नमूद करावे.

तक्रारदाराला पुरावे गोळा करायला सांगू नये, हेही आवर्जून लिहितो. उत्साहाच्या भरात तो मोबाइल लपवून आत नेईल, नोंदवहीची पाने बाहेर आणील, आणि पकडला गेला तर मूळ गैरप्रकार बाजूला राहून त्याचीच चौकशी सुरू होईल. पुरावा कोठे आहे एवढे त्याने सांगावे. तो हस्तगत करणे हे यंत्रणेचे काम आहे.

आज रात्री कोणाला धोका आहे?

भेट संपल्यावर पहिला निर्णय त्याच दिवशी घ्यावा लागतो. तक्रारीत ज्या कैद्याचा उल्लेख आहे तो आज रात्री त्याच अधिकाऱ्यांच्या ताब्यात असणार आहे का? तक्रारदार आज त्यांच्याच सोबत पहाऱ्यावर आहे का? नष्ट होऊ शकेल असा पुरावा आज नष्ट होऊ शकतो का? यांतल्या एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर सावकाश चालणारी नेहमीची प्रक्रिया बाजूला ठेवावी लागेल.

कैद्याला धोका असेल तर त्यालाच उचलून एकांत कोठडीत ठेवण्याचा सोपा मार्ग सुचवला जाईल. तो टाळावा. संरक्षणाच्या नावाखाली केलेला एकांतवास भोगणाऱ्याच्या दृष्टीने शिक्षाच असतो, आणि त्याने बोलायचे ठरवले असेल तर त्याचा आवाज त्यानेच बंद होतो. शक्य असेल तेथे संशयित कर्मचाऱ्याला त्या विभागातून हलवावे. मंडेला नियमांतील 71 वा नियम या बाबतीत अगदी स्पष्ट आहे: कोठडीतील मृत्यू, बेपत्ता होणे किंवा गंभीर इजा यांची आणि छळ झाल्याचे मानण्यास वाजवी कारण असेल तेव्हा त्याचीही खबर तुरुंग प्रशासनापासून स्वतंत्र असलेल्या यंत्रणेला विनाविलंब द्यायची, आणि ज्यांचा हात असण्याची शक्यता आहे त्यांना चौकशीपासून आणि साक्षीदार, पीडित व पीडिताचे कुटुंब यांच्यापासून दूर ठेवायचे. ‘आधी आम्ही आमच्या पातळीवर पाहतो’ या वाक्याला अशा प्रकरणात जागाच नाही.

सगळ्याच तक्रारी इतक्या गंभीर नसतात. रजा नाकारली, रात्रपाळ्या अन्यायाने लावल्या, वरिष्ठ अपमान करतात, अशा वैयक्तिक गाऱ्हाण्यांसाठी वेगळी वाट असते आणि ती दाखवून द्यावी. अडचण अशी की तुरुंगात दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या येतात. ‘माझ्यावर सतत रात्रपाळी लादली जाते’ ही तक्रार नीट ऐकली तर कळते की दिवसपाळीत फाटकावर प्रतिबंधित वस्तूंच्या पैशांची देवाणघेवाण होते आणि हा त्यात सामील होत नाही. म्हणून तक्रारीचे पहिले वाक्य ऐकून तिची वर्गवारी करू नये. तसेच तक्रारदाराच्या मनात आकस आहे का, याचा शोध घेत बसू नये. भ्रष्टाचाराविरुद्धच्या 2003 च्या संयुक्त राष्ट्र कराराचा 33 वा अनुच्छेद सद्भावनेने आणि वाजवी आधारावर दिलेल्या माहितीला संरक्षण देण्याविषयी बोलतो. जागल्यांच्या संरक्षणासाठी युरोपीय संघाने काढलेल्या 2019 च्या निर्देशात तर हेतूला महत्त्वच दिलेले नाही, माहिती खरी मानण्यास त्या वेळी वाजवी कारण होते की नाही एवढेच पाहिले जाते. मला ही दुसरी कसोटी अधिक न्याय्य वाटते. भांडण झालेल्या माणसानेही खरी गोष्ट सांगितलेली असू शकते, आणि भिंतीआड खून झाला असेल तर ती बातमी कोणत्या भावनेने दिली गेली हा प्रश्न उरत नाही.

पुरावा राखणे

तुरुंगातला पुरावा दोन प्रकारांनी जातो: काही आपोआप पुसला जातो आणि काही पुसला जाऊ शकतो. सीसीटीव्हीचे चित्रण ठरावीक मुदतीनंतर नव्या चित्रणाखाली दडपले जाते. ती मुदत आपल्या तुरुंगात किती दिवसांची आहे हे आजच विचारून ठेवावे. अंगावरचे वळ काही दिवसांत फिके पडतात. म्हणून चित्रण आणि वैद्यकीय तपासणी या दोन गोष्टी सर्वांत आधी. तपासणी शक्यतो तुरुंगाच्या सेवेत नसलेल्या डॉक्टरकडून करून घ्यावी, आणि छळाच्या दस्तऐवजीकरणासाठी 1999 मध्ये तयार झालेल्या व 2022 मध्ये अद्ययावत केलेल्या इस्तंबूल प्रोटोकॉलची पद्धत त्या डॉक्टरला माहीत आहे का ते पाहावे.

नोंदी मागवताना मागणीची रुंदी जपावी. ‘मंगळवारी रात्री दोन ते तीन, चार नंबरची बराक’ असे पत्र गेले की तक्रार कोणी केली हे त्या पत्रानेच सांगून टाकले. त्याऐवजी संपूर्ण विभागाचे, दहाबारा दिवसांचे चित्रण तपासणीच्या सर्वसाधारण कारणासाठी मागवावे. सोबत ड्यूटीचा तक्ता, चाव्यांची नोंदवही, फाटकावरील ये-जा, झडतीच्या नोंदी, धोक्याच्या घंटेची नोंद, बळाच्या वापराचे अहवाल आणि दवाखान्याची नोंदवही घ्यावी. एकेका कागदात फारसे काही सापडत नाही. ते शेजारी शेजारी ठेवले की दिसू लागते. चाव्यांच्या नोंदवहीप्रमाणे कोठडी उघडलीच नव्हती, पण दवाखान्यात मात्र तो कैदी पहाटे नेला गेला, अशी विसंगती स्वतःच बोलते. पाच कर्मचाऱ्यांच्या अहवालांत एकच वाक्य त्याच चुकांसह आले असेल तर ते अहवाल एका बैठकीत लिहिले गेले असण्याचा संभव विचारात घ्यावा. मूळ कागद कोणी, कधी, कोणाकडून घेतला याची साखळी पहिल्या मिनिटापासून लिहावी. नंतर आठवून लिहिलेली साखळी उलटतपासणीत टिकत नाही.

ओळख नावाने फुटत नाही, तपशिलाने फुटते

फाइलवर नाव नाही, बंद पाकीट कुलपात आहे, आणि तरीही तिसऱ्या दिवशी सगळ्या बराकींत कुजबुज सुरू होते, असे का होते? कारण त्या रात्री तेथे चौघेच होते, तिघांना आरोपाचे पत्र मिळाले, आणि चौथ्याला मिळाले नाही. म्हणून कोणतेही पत्र, नोटीस किंवा प्रश्न बाहेर जाण्याआधी एक कागद घेऊन लिहावे: यातला हा तपशील मुळात कोणाकोणाला माहीत असू शकतो? यादीत दोनचारच नावे येत असतील तर तो तपशील त्या पत्रातून काढावा, किंवा तोच तपशील दुसऱ्या कोणत्या तरी नोंदीतून, नेहमीच्या तपासणीत सापडल्याप्रमाणे प्रथम हाती येईल अशी व्यवस्था करावी. जबाबासाठी बोलावताना तक्रारदारालाही इतरांबरोबर, त्यांच्याच क्रमात, त्याच प्रश्नांसाठी बोलवावे.

नाव जाणणाऱ्यांची संख्या कमीत कमी ठेवावी आणि त्या प्रत्येकाची नोंद करावी. विचारणारा मोठ्या पदावर आहे म्हणून त्याला नाव सांगण्याची प्रथा घातक आहे. अबू गरीबचे उदाहरण या संदर्भात प्रत्येक तक्रार अधिकाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकी लष्करी पोलिस दलातील जो डार्बी याने जानेवारी 2004 मध्ये इराकमधल्या त्या तुरुंगातील कैद्यांच्या छळाची छायाचित्रे लष्कराच्या गुन्हे तपास विभागाकडे सोपवली. आपले नाव गुप्त राहील या भरवशावर त्याने ते केले होते. मे 2004 मध्ये संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी सिनेटच्या समितीपुढील जाहीर सुनावणीत त्याचे नाव घेतले. तेही त्याचे कौतुक करताना. डार्बी तेव्हा इराकमध्येच, सैनिकांनी भरलेल्या भोजनगृहात होता आणि दूरचित्रवाणीवर हे चालू होते. पुढे त्याला आपल्या गावी परतून राहणे शक्य झाले नाही. नाव फोडणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता हे मान्य केले तरी परिणाम बदलत नाही. तक्रारदाराचे जाहीर कौतुक, प्रशस्तिपत्र, बक्षीस यांपैकी काहीही त्याच्या लेखी संमतीशिवाय करायचे नाही, असा नियमच घालून घ्यावा.

चौकशी कोणी करावी, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे काय

चौकशी करणारी व्यक्ती त्या तुरुंगातली नसावी, आरोप असलेल्यांच्या तुकडीत कधी काम केलेली नसावी, आणि निकालाने तिचा स्वतःचा फायदा-तोटा होणारा नसावा. गुन्ह्याचा संशय असेल तर खात्यांतर्गत चौकशी पूर्ण होण्याची वाट न पाहता प्रकरण पोलिसांकडे किंवा सक्षम तपास यंत्रणेकडे द्यावे. खात्याने घाईघाईने घेतलेले जबाब पुढे फौजदारी खटल्यात अडचण निर्माण करतात.

आरोपित कर्मचाऱ्याच्या हक्कांबाबत मला कळकळीने सांगायचे आहे, कारण तक्रारदाराच्या बाजूने मन झुकले की याकडे दुर्लक्ष होते. त्याला आरोप नेमका कळला पाहिजे, उत्तर देण्याची संधी आणि वेळ मिळाला पाहिजे, आणि निर्णय होईपर्यंत त्याला निर्दोष मानले गेले पाहिजे. त्याला विभागातून हलवणे ही खबरदारी आहे, शिक्षा नाही, हे आदेशातच लिहावे आणि त्याच्या वेतनावर परिणाम होणार नाही अशी तजवीज करावी. त्याचेही नाव कुजबुजीचा विषय होऊ देऊ नये. तक्रार सिद्ध झाली नाही याचा अर्थ ती खोटी होती असा होत नाही, हेही त्याच्या वरिष्ठांना समजावून द्यावे लागते. कॅलिफोर्नियातील कॉर्कोरन तुरुंगात 1990 च्या दशकात पहारेकऱ्यांनीच अशी माहिती केंद्रीय तपास यंत्रणेपर्यंत नेली की परस्परविरोधी टोळ्यांच्या कैद्यांना एकाच लहान आवारात सोडले जाते आणि मारामारी झाली की गोळ्या झाडल्या जातात. पुढे आठ अधिकाऱ्यांवर खटला चालला आणि 2000 मध्ये ज्यूरीने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. त्या निकालाचा आदर करणे आणि माहिती देणाऱ्यांना खोटारडे न ठरवणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

कैदी साक्षीदार असतील तर त्यांनाही तेवढेच जपावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराचा 13 वा अनुच्छेद तक्रारदार आणि साक्षीदार दोघांनाही धाकदपटशापासून संरक्षण द्यायला सांगतो. कैद्याचा जबाब ‘कैद्याचाच तर आहे’ म्हणून हलका मानू नये.

सुडावर पाळत

तुरुंगातला सूड क्वचितच आदेशाच्या रूपात येतो. जेवणाच्या टेबलावर सगळे उठून जातात. वायरलेसवर त्याच्या हाकेला उत्तर उशिरा येते. लॉकरवर काहीतरी लिहिलेले सापडते. त्याला रोज एकट्यालाच टेहळणी बुरुजावर किंवा सर्वांत धोकादायक विभागात लावले जाते. सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे ‘तुमची माहिती वर देणारा हाच’ असे कैद्यांच्या कानावर घातले जाते. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक किंवा योगायोगाची म्हणून उडवून लावता येते, आणि ती तशीच उडवून लावली जाते.

यावर उपाय एकच आहे: तक्रार येण्यापूर्वीची त्याची स्थिती पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवणे. मागील वर्षभरातील त्याच्या पाळ्या, रजा, नेमणुकीच्या जागा, मूल्यमापनाचे शेरे, त्याच्यावरील शिस्तभंगाच्या नोटिसा या सर्वांची नोंद असेल तर नंतरचा बदल डोळ्यांत भरतो. त्यानंतर ठरलेल्या तारखांना त्याच्याशी बोलत राहावे. त्याने फोन करण्याची वाट पाहू नये, कारण घाबरलेला माणूस आपणहून फोन करत नाही. अमेरिकेत तुरुंगातील लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी 2003 च्या कायद्याखाली जी मानके ठरली, त्यांत तक्रारीनंतर किमान 90 दिवस सुडाच्या खुणांवर लक्ष ठेवण्याची अट आहे. मी ती किमान मर्यादाच मानतो. चौकशी वर्षभर चालली तर सूडही वर्षभर चालू शकतो, आणि निकाल लागल्यावर तो बहुधा वाढतो.

तक्रारदाराची बदली हा उपाय केवळ त्याने मागितली तरच वापरावा. त्याच्या इच्छेविरुद्ध केलेली बदली, कितीही चांगल्या हेतूने केली तरी, उरलेल्या सर्वांना एकच निरोप देते: जो बोलतो तो जातो. आणि त्याच्याविरुद्ध काही प्रतिकूल कारवाई झालीच, तर तिचे कारण तक्रारीशी संबंधित नव्हते हे कारवाई करणाऱ्याने सिद्ध करावे; युरोपीय निर्देशातही सिद्धतेचा भार असाच टाकलेला आहे आणि आपल्या नियमांत तो तसा नसेल तर निदान आपल्या कार्यालयात तरी तो तसा पाळावा.

निनावी आणि खोट्या तक्रारी

निनावी पत्र फेकून देऊ नये. सहीसकट येण्याइतकी सुरक्षितता वाटत नाही, एवढेच ते पत्र सांगत असते. त्यातील मजकूर तपासण्याजोगा आहे का, हे पाहावे: वेळ, जागा, नोंदवहीचे नाव, कोणत्या पाळीत, असे काही हाती लागत असेल तर नावाशिवायही पुढे जाता येते. पत्र लिहिणाऱ्याला नाव न देता उत्तर देता येईल असा दुहेरी संदेशांचा मार्ग असेल तर अर्धे काम सोपे होते. पत्र कोणी लिहिले याचा हस्ताक्षरावरून किंवा शाईवरून शोध घेण्याचा प्रयत्न कोणी सुरू केला, तर तो स्वतंत्र गैरप्रकार मानून थांबवावा.

जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास कारवाई होऊ शकते, हे सांगायला हरकत नाही. पण ते सूचनाफलकावरचे पहिले वाक्य असू नये. चूक आणि खोटेपणा यांत फरक आहे. छळविरोधी कराराच्या 2002 च्या ऐच्छिक प्रोटोकॉलने तर राष्ट्रीय प्रतिबंधक यंत्रणेला, म्हणजे छळ रोखण्यासाठी तुरुंगांसारख्या बंद जागांना भेटी देणाऱ्या देशांतर्गत यंत्रणेला, माहिती दिल्याबद्दल, ती खरी असो वा खोटी, कोणालाही शिक्षा करायची नाही असे स्पष्ट म्हटले आहे. इतकी टोकाची तरतूद का करावी लागली असेल, याचा विचार केला तर बंद जागेतून माहिती बाहेर येणे किती अवघड असते ते ध्यानात येते.

उत्तर देणे आणि पुढचा हवाला

तक्रार मिळाल्याची पोच सात दिवसांच्या आत आणि काय केले याचे उत्तर तीन महिन्यांच्या आत, ही युरोपीय निर्देशातील मुदत कोठेही वापरण्याजोगी आहे. पोच तक्रारदाराने सांगितलेल्या मार्गानेच जावी; घरच्या पत्त्यावर खात्याचे पाकीट गेले तर ते आधी शेजाऱ्याच्या हाती पडू शकते. उत्तरात चौकशीचे सारे तपशील देता येत नाहीत, पण तक्रार वाचली गेली, अमुक नोंदी तपासल्या, प्रकरण अमुक यंत्रणेकडे गेले, एवढे सांगता येते. काहीच सिद्ध झाले नाही तर तेही सांगावे, आणि कोणत्या गोष्टी तपासूनही पुरावा मिळाला नाही ते सांगावे. उत्तरच न मिळालेला तक्रारदार दोनच गोष्टी करतो: तो वर्तमानपत्राकडे जातो, किंवा पुन्हा कधीही बोलत नाही. यांतली दुसरी गोष्ट अधिक नुकसानकारक आहे.

कधी ना कधी आपलीही बदली होते. पदभार सोपवताना चालू प्रकरणांची यादी नव्या अधिकाऱ्याला द्यावी, पण नावांचे बंद पाकीट त्या यादीसोबत टेबलावर ठेवून जाऊ नये. प्रत्येक तक्रारदाराला आधी कळवावे की अधिकारी बदलत आहे, त्याचे नाव पुढे सांगायला त्याची संमती आहे का ते विचारावे, आणि तो तयार असेल तर दोघांची गाठ आपण स्वतः, तुरुंगाबाहेर, घालून द्यावी. तो तयार नसेल तर पाकीट कोणाकडे, कोणत्या कुलपात आणि कोणाच्या परवानगीने उघडायचे आहे, एवढेच लिहून त्या कागदावर दोघांनी सही करावी.